पीयूसीत नापास झालेली गाडी आणि माझ्या वहीतलं एक चुकीचं वाक्य

गेल्या महिन्यात बाबांची गाडी पीयूसीत नापास झाली. गाडी २०१४ ची, पेट्रोल, बाराशे सीसी, पुण्यातच घेतलेली आणि पुण्यातच वापरलेली. दरवर्षी पाच मिनिटांत कागद हातात पडायचा, यंदा पडला नाही. विम्याची मुदत नऊ दिवसांवर आली होती. पीयूसी केंद्रातल्या मुलाने मान हलवली आणि हळूच म्हणाला, "ताई, हवं तर बघू काहीतरी." हे "काहीतरी" म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

मी तो पर्याय घेतला नाही. त्यात फार मोठा नैतिक विजय वगैरे नव्हता. मी पीएचडी करतेय कॅटॅलिसिसमध्ये, म्हणजे उत्प्रेरकांमध्ये. गाडीच्या सायलेन्सरमध्ये जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो तो आमच्या विषयातलं पहिल्या तासाचं उदाहरण आहे. अशी गाडी नापास व्हावी आणि मी कागद विकत घ्यावा, हे जरा लाजिरवाणं वाटलं. आता पूर्ण प्रकरण आटोपल्यावर कळतंय की खरी लाजिरवाणी गोष्ट वेगळीच होती. ती पुढे येईलच.

ही गोष्ट ब्लॉगवर टाकण्याचं कारण असं. पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात की रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात "परिकल्पना", "चल", "नियंत्रण" हे शब्द पाठ होतात, पण प्रत्यक्षात माणूस नेमकं काय करतो? प्रयोगशाळेतलं उदाहरण द्यायला गेलं की अर्धा वेळ यंत्र समजावण्यात जातो. गाडी सगळ्यांनी पाहिलेली असते. म्हणून गाडी.

तर आकडे. मशीनच्या स्क्रीनचा मी फोटो काढून ठेवला होता, कारण छापील कागदावर सगळं येत नाही. गाडी जागेवर मंद चालू असताना, म्हणजे आयडलिंगला, कार्बन मोनॉक्साइड २.४ टक्के आणि हायड्रोकार्बन ३२० पीपीएम. भारत स्टेज चारच्या पेट्रोल गाडीला मर्यादा आहे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आठपट. मग ॲक्सिलरेटर दाबून इंजिन साधारण अडीच हजार फेऱ्यांवर धरलं, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड ०.९ टक्के (मर्यादा ०.२) आणि लॅम्डा ०.९७६. स्क्रीनवर आयडलिंगचे आणखी तीन आकडे होते : कार्बन डायऑक्साइड १३.२ टक्के, ऑक्सिजन ०.३ टक्के, लॅम्डा ०.९३३.

लॅम्डा म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेट्रोल पूर्ण जळायला जेवढी हवा लागते तेवढी बरोबर मिळाली तर लॅम्डा १. हवा कमी, पेट्रोल जास्त असेल तर १ पेक्षा कमी, त्याला गॅरेजमध्ये "रिच" म्हणतात. उलटं असेल तर "लीन". ०.९३३ म्हणजे गरजेच्या मानाने सुमारे सात टक्के पेट्रोल जास्त पडतंय. आणि एक गंमत बघा. जास्त फेऱ्यांवरचा लॅम्डा ०.९७६ हा नियमात बसतो, कारण नियम ०.९७ ते १.०३ असा आहे. तो रकाना पास, गाडी मात्र रिच. "मर्यादेत आहे" आणि "ठीक आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं आणि तीन दिवसांनी साफ विसरले.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे काहीच दुरुस्त न करता पुन्हा चाचणी. पहिल्या वेळी घरापासून केंद्रापर्यंतचं अंतर जेमतेम एक किलोमीटर होतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड असला की काम करत नाही, त्याला काही शे अंश तापावं लागतं. त्यामुळे आपण थंड गाडीचं मोजमाप घेऊन उगाच घाबरलोय ही शक्यता आधी काढून टाकायला हवी होती. पौड रोडवरून चांदणी चौकापर्यंत जाऊन आले, वीस-पंचवीस मिनिटं इंजिन तापवलं, त्याच केंद्रात, त्याच मशीनवर पुन्हा नळी लावली. कार्बन मोनॉक्साइड २.३ टक्के. म्हणजे बिघाड खरा होता. प्रयोग पुन्हा करून तोच निकाल येतो का हे बघायला अर्धा तास आणि थोडं पेट्रोल जातं. न बघता पुढे गेलं तर किती जातं याचा हिशेब माझ्या एका सिनियरकडे आहे, त्याचं अख्खं सेमिस्टर गेलं.

आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांनी कागद बघितला आणि म्हणाले, "कॅट गेला. बदलावा लागेल." किंमत ऐकून बाबा गप्प झाले. माझ्या फेलोशिपचा बऱ्यापैकी हिस्सा गेला असता.

काकांचा तर्क वाईट नव्हता. कार्बन मोनॉक्साइड संपवणं हे कॅटचं काम, ते बाहेर येतंय, म्हणजे कॅट काम करत नाही. पण इथे मला माझा विषय उपयोगी पडला. कॅटच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे सूक्ष्म कण आणि त्यांच्यासोबत सिरिया, म्हणजे सिरियम ऑक्साइड. हे कण कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजनशी जोडून देतात. जोडून देतात, ऑक्सिजन आणून देत नाहीत. लॅम्डा ०.९३३ असेल तर आत ऑक्सिजनच पुरेसा नाही, मग जगातला सर्वांत नवा कॅट बसवला तरी तो २.४ टक्के कार्बन मोनॉक्साइड जाळणार कशाने? लग्नात आचारी चांगला असून भागत नाही, शिधा पण लागतो. म्हणजे प्रश्न कॅटच्या आधीचा होता. उलट असं रिच चालवत राहिलं तर चांगला कॅट खराब व्हायची भीती होती.

(कॅट चांगला आहे हे यातून सिद्ध होत नाही, एवढं लक्षात घ्या. फक्त या आकड्यांवरून त्याला दोषी धरता येत नाही. या दोन वाक्यांत फरक आहे आणि व्हायव्हाला तो विचारतात.)

ऑक्सिजनचा ०.३ टक्के आकडाही बोलका होता. एखादा प्लग ठिणगी टाकत नसता तर न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेली हवा दोन्ही मागून बाहेर आली असती, ऑक्सिजन कितीतरी जास्त दिसला असता, आणि हायड्रोकार्बन शेकड्यांत नाही तर हजारांत गेलं असतं. म्हणून मिसफायर बाद. राहिला एकच प्रश्न : पेट्रोल जास्त का पडतंय?

संशयितांची यादी गॅरेजमध्ये कोणीही सांगेल. इंजेक्टर ठिबकतोय, पेट्रोलचं प्रेशर जास्त आहे, टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा सेन्सर खोटं सांगतोय, किंवा पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर "इंजिन अजून थंड आहे" असं सांगतोय आणि म्हणून ईसीयू चोकसारखं जादा पेट्रोल टाकतोय. काकांची पद्धत अशी की यातली सगळ्यांत स्वस्त गोष्ट आधी बदलायची, मग पुढची. ही पद्धत हसण्यावारी नेण्यासारखी नाही, रोज दहा गाड्या बघणाऱ्याला ती परवडते. मला मात्र असं काहीतरी मोजायचं होतं की ज्या एका मोजमापाने यादीतली निम्मी नावं एकदम खोडता येतील.

ते मोजमाप गाडीत आधीच होत असतं. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं एक सॉकेट असतं, त्यात बसणारं ब्लूटूथचं छोटं यंत्र ऑनलाइन सहज मिळतं आणि फोनवर आकडे दिसतात. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, तो जळालेल्या वायूत ऑक्सिजन उरलाय का ते बघतो. उरला असेल तर व्होल्टेज ०.१ च्या आसपास, उरला नसेल तर ०.९ च्या आसपास. ईसीयू त्यावर डोळा ठेवून पेट्रोल किंचित वाढवतो, किंचित कमी करतो, सतत. मूळ हिशेबापेक्षा किती टक्के वाढवावं लागतंय किंवा कमी करावं लागतंय, त्या आकड्याला फ्युएल ट्रिम म्हणतात.

आता विचार करा. इंजेक्टर ठिबकत असेल तर सेन्सरला रिच दिसणार, आणि ईसीयू पेट्रोल कमी करणार. ट्रिम उणे. प्रेशर जास्त असेल तरी उणे. पर्ज व्हॉल्व्ह अडकला असेल तरी उणे. हवेचा सेन्सर चुकत असेल तरी उणे. पाण्याचं तापमान मी फोनवर बघितलं, ८९ अंश, बरोबर होतं, आणि ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकूनच चालत होता, म्हणजे क्लोज्ड लूपमध्ये होता.

आणि ट्रिम होतं अधिक ९ टक्के.

अधिक! मागच्या नळीतलं मशीन म्हणतंय पेट्रोल जास्त आहे, आणि ईसीयू म्हणतोय पेट्रोल कमी पडतंय, मी अजून टाकतोय. दोन उपकरणं एकाच वायूबद्दल उलट बोलत होती. अशा वेळी संशोधनाला नव्याने आलेल्या माणसाला वैताग येतो. मला विचाराल तर अख्ख्या तपासातला हा सगळ्यांत चांगला क्षण होता, कारण यादीतले सगळे नेहमीचे संशयित एका झटक्यात सुटले.

पण प्रामाणिकपणे सांगते, त्या क्षणी मला तो चांगला वाटला नाही. मी फोनवर शोधलं, सगळीकडे लिहिलेलं होतं की ट्रिम अधिक-उणे दहापर्यंत नॉर्मल असतं. चेक इंजिनचा दिवाही लागलेला नव्हता. मग ९ नॉर्मल म्हणून सोडून दिलं आणि दोन दिवस काकांसोबत इंजेक्टर साफ करण्यात घालवले. काही फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीत शेजारच्या काकांची गाडी दिसली, तेच मॉडेल, एक वर्षाने नवी. त्यांना विचारून ते यंत्र पाच मिनिटं त्यांच्या गाडीला लावलं. ट्रिम अधिक १. "नॉर्मल" ही मर्यादा जगातल्या सगळ्या गाड्यांसाठी कोणीतरी ढोबळपणे सांगितलेली होती, मला हवी होती माझ्या गाडीशी तुलना करायला तशीच निरोगी गाडी. पुस्तकात याला कंट्रोल म्हणतात.

फोक्सवॅगनचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. ते उघडकीला आणण्यात वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीतल्या एका छोट्या गटाचा मोठा वाटा होता, आणि त्यात हेमंत कप्पण्णा आणि अरविंद तिरुवेंगडम ही दोन भारतीय नावं आहेत. २०१३ मध्ये त्यांनी गाड्यांच्या मागे मोजमापाची यंत्रं बांधून कॅलिफोर्नियात रस्त्यावर गाड्या पळवल्या. दोन डिझेल गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइडचे आकडे अमेरिकन मर्यादेच्या कित्येक पट आले, एकीचे १५ ते ३५ पट, दुसरीचे ५ ते २० पट. असे आकडे आले की कोणालाही आधी वाटेल, आपलंच यंत्र बिघडलंय. पण त्याच पद्धतीने मोजलेली तिसरी गाडी, बीएमडब्ल्यू, बहुतेक वेळ मर्यादेत होती. त्या तिसऱ्या गाडीमुळे पहिल्या दोघींच्या आकड्यांवर विश्वास ठेवणं भाग पडलं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीला नोटीस दिली, तोवर ते आकडे प्रसिद्ध होऊन वर्ष उलटून गेलं होतं. माझी तिसरी गाडी म्हणजे शेजारच्या काकांची. असो.

आता प्रश्न सरळ होता. पेट्रोल खरंच जास्त आहे, पण पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला ते कमी दिसतंय. याची कारणं दोनच. एक तर सेन्सर स्वतः खोटा झालाय, नाहीतर सेन्सर खरा आहे आणि त्याच्यापर्यंत पोचणारा वायूच खोटा आहे, म्हणजे कुठूनतरी बाहेरची हवा त्याच्या नाकाशी येतेय.

दुसरं कारण मी खोडलं. माझ्या वहीत तारखेसह लिहिलंय : "सेन्सरच्या आधी लीक असती तर मागच्या नळीत ऑक्सिजन वाढला असता. तो फक्त ०.३ आहे. म्हणून लीक नाही." किती स्वच्छ वाक्य आहे बघा. परिकल्पना, तिच्यातून निघणारं भाकीत, निरीक्षण, निष्कर्ष. मेथडॉलॉजीच्या पेपरात पाचपैकी पाच मिळतील.

मग मी नाना पेठेत जाऊन तीन हजारांच्या आसपास देऊन नवा सेन्सर आणला. काकांनी बसवला. ट्रिम अधिक ८. पीयूसी केंद्रात पैसे न घेता नुसती नळी लावून बघितलं, कार्बन मोनॉक्साइड २.२ टक्के. विम्याला तीन दिवस उरले होते आणि बाबांनी रात्री जेवताना अगदी सहज विचारलं, "तुझ्या त्या लॅबमध्ये पण असंच चालतं का गं?"

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये चहा घेताना मी हे सगळं रडगाणं सिनियरला सांगितलं. त्याला गाडीतलं काही कळत नाही, तो बसने येतो. त्याने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला : "ऑक्सिजन मोजलास कुठे? कॅटच्या आधी की नंतर?"

मी कप खाली ठेवला.

तुमच्या लक्षात आलं का? पीयूसीची नळी सायलेन्सरच्या शेवटच्या टोकाला असते. म्हणजे कॅटच्या नंतर. सेन्सरजवळ बाहेरची हवा आत शिरली तरी तिच्यातला ऑक्सिजन पुढे तापलेल्या कॅटमधून जाणार, आणि तिथे तर कार्बन मोनॉक्साइडची रेलचेल. कॅट तो ऑक्सिजन खाऊन टाकणार. तेच त्याचं काम. मागच्या नळीत तो दिसणारच नाही, लीक असो की नसो. माझं भाकीत कॅट नसलेल्या जुन्या गाड्यांना लागू पडलं असतं. मी पुरावा शोधत होते अशा जागी की जिथे पोचण्याआधी पुरावा पुसला जातो, आणि पुसणारी वस्तू म्हणजे माझ्या पीएचडीचा विषय.

चूक नेमकी कुठे झाली हे मला नीट सांगायचंय, कारण ती फार साधी दिसते. निरीक्षण बरोबर होतं. तर्काचा साचाही बरोबर होता : भाकीत खोटं ठरलं तर परिकल्पना खोटी. घोळ "असती तर ... असता" या जोडणीत होता. परिकल्पनेतून ते भाकीत निघतच नव्हतं. ते निघायला मध्ये एक न लिहिलेलं गृहीत लागत होतं, की लीकपासून मशीनपर्यंतच्या वाटेत ऑक्सिजनला काही होत नाही. हे गृहीत मी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे तपासायचा प्रश्नच आला नाही. तेव्हापासून मी वहीत भाकीत लिहिलं की त्याच्या बाजूला "वाटेत काय?" एवढे दोन शब्द लिहिते.

तरीही एक अडचण उरली होती. तुम्ही म्हणाल, लीकमधून हवा आली आणि ती सगळीकडे मिसळली, तर सेन्सरला लीन दिसेल, ईसीयू तेवढंच पेट्रोल वाढवेल, आणि ती हवा व ते जादा पेट्रोल कॅटमध्ये एकमेकांना संपवतील. मग मागून रिच का यावं? बरोबर आहे. हवा नीट मिसळली असती तर शेवटी लॅम्डा १ च्या जवळच आला असता. तो ०.९३३ होता, याचा अर्थ हवा मिसळायच्या आतच सेन्सरला लागतेय. अगदी थोडी हवा, पण नेमकी सेन्सरच्या टोकापाशी. एकूण वायूच्या हिशेबात नगण्य, सेन्सरच्या हिशेबात सर्वस्व. म्हणजे लीक इंजिनाजवळच्या गास्केटमध्ये वगैरे शोधण्यापेक्षा सेन्सरच्या बुडाशी शोधायला हवी.

आणि सायलेन्सरमध्ये तर दाब असतो, मग हवा बाहेर जायची सोडून आत कशी येते? वायू सलग वाहत नाही, धडधड येतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर असताना सेकंदाला सत्तावीसेक धक्के बसतात, आणि प्रत्येक धक्क्यामागोमाग क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. तेवढ्यात फटीतून हवा ओढली जाते. फेऱ्या वाढल्या की सरासरी दाब वाढतो, हवा कमी ओढली जाते. आता सुरुवातीचे आकडे आठवा : आयडलिंगला २.४ टक्के, जास्त फेऱ्यांवर ०.९. हा फरक पहिल्या दिवसापासून कागदावर होता. मी त्याच्याकडे "दोन्ही नापास" एवढंच म्हणून बघितलं होतं.

शोधायची युक्ती काकांची. त्यांनी ती बिनशाळेची म्हणून सांगितली, पण माझ्या मते पूर्ण तपासातला सर्वांत सुंदर प्रयोग तोच. इंजिन रात्रभर थंड. घरातला व्हॅक्यूम क्लीनर फुंकण्याच्या बाजूने सायलेन्सरच्या टोकाला लावला, भोवती ओलं फडकं गुंडाळलं. म्हणजे सगळी नळी बाहेरून हवेने भरली. पुढे बॉनेट उघडून हीट शील्डचे बोल्ट काढले आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीने प्रत्येक सांध्यावर मारलं. गास्केटपाशी काही नाही. जोडाच्या फ्लँजपाशी काही नाही. सेन्सर ज्या जाड नटात आट्यांनी बसतो तो नट नळीला वेल्ड केलेला असतो, त्या वेल्डच्या कडेला बारीक फेस येऊ लागला. काका म्हणाले, "आला बघा मोदकाला उकड फुटल्यासारखा." केसाएवढी फट, नखाच्या रुंदीइतकी लांब. दहा वर्षं तापून-गार होऊन वेल्ड फाटला होता. नवा सेन्सरही त्याच फुटक्या दारात बसवला होता, त्याने तरी वेगळं काय सांगावं!

पाइप सोडवून काका ओळखीच्या आर्गन वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेले. गाडीवरच वेल्डिंग करू द्यायचं नाही, आणि करावंच लागलं तर आधी बॅटरी सोडायची, नाहीतर ईसीयू जाऊ शकतो, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. वेल्डिंगचा खर्च सेन्सरच्या दहाव्या हिश्शापेक्षा थोडा जास्त आला.

गाडी जोडली, ईसीयूची जुनी शिकवण पुसली, अर्धा तास शहरात फिरवली. आयडलिंगला ट्रिम अधिक २. मग तेच केंद्र, तेच मशीन, तापलेलं इंजिन. कार्बन मोनॉक्साइड ०.०२ टक्के, हायड्रोकार्बन १८ पीपीएम, ऑक्सिजन ०.१ टक्के, लॅम्डा १.००३. कॅट बिचारा ठणठणीत होता.

इथे थांबले असते तरी चाललं असतं, कागद हातात होता. पण मला एक हिशेब जुळवायचा होता. ट्रिम ९ वरून २ वर आलं, म्हणजे खोट्या बातमीवरून ईसीयू सात टक्के जादा पेट्रोल टाकत होता. आणि बिघाड असताना मशीनने दाखवलेला लॅम्डा ०.९३३. एकाला ०.९३३ ने भागलं तर १.०७. म्हणजे सात टक्के जादा. एक आकडा गाडीच्या आतल्या संगणकाचा, दुसरा बाहेरच्या मशीनने वायू मोजून काढलेला, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि दोघे एकाच जागी येऊन भेटले. "गाडी पास झाली" यापेक्षा मला याचा आनंद जास्त झाला. पास तर ती नुसत्या योगायोगानेही होऊ शकते. बिघाड कोणता होता हे आपल्याला खरंच कळलंय की नाही, ते आकार जुळण्यावरून कळतं.

एक गोष्ट तरीही मनात राहिली होती. मी सेन्सर बदलला होता आणि वेल्डही केला होता. नुसत्या नव्या सेन्सरने फरक पडला नाही हे माहीत होतं, पण जुना सेन्सर चांगला होता की तोही थोडा बिघडलेला होता? दोन गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीला दिलं, असं पेपरात लिहून पाठवलं तर परीक्षक सोडणार नाहीत. म्हणून रविवारी काकांचे पाय धरून जुना सेन्सर परत बसवून घेतला. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते मी इथे लिहीत नाही. ट्रिम अधिक ३. लॅम्डा बघायला पुन्हा केंद्रात गेले, १.००१.

जुना सेन्सर अजून गाडीत आहे. तीन हजारांचा नवा त्याच्या खोक्यासकट माझ्या टेबलाच्या खणात पडलाय. दुकानदार म्हणाला, एकदा बसवलेला सेन्सर परत घेत नाहीत. बाबा म्हणतात, राहू दे, स्पेअर म्हणून.